हिशोब तीन चाकांचा

पापडी, वसई
फेब्रुवारी २००१

तीर्थरूप प्रल्हादमामांच्या पायांशी चंद्रहासचा नमस्कार पोचावा. (उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे म्हणून अक्षर असं आलंय. पट्टी नव्हती तेव्हाही असंच यायचं हे तुम्हाला ठाऊक आहे, पण या वेळी निदान कारण तरी आहे.) तुमचा खोकला थांबला असेल. आशालतामामींच्या गुडघ्याला उतार आहे का? त्यांना म्हणावं, विहिरीच्या पायऱ्या उतरू नका, पाणी वर येईल तेव्हा येईल. काजूला मोहर कसा धरलाय, माकडं यंदा आपल्याकडे जास्त आहेत की खालच्या वाडीत, सगळं सविस्तर कळवावं. मी इथे खुशाल आहे. खुशाल म्हणजे पट्टी सोडून.

तुमचं पत्र पोचलं. त्यात आशीर्वाद नव्हता, तब्येतीची चौकशी नव्हती, पहिल्याच ओळीत 'हे मी काय ऐकतो?' असं होतं. मी ते पत्र लेथच्या आडोशाला उभं राहून वाचलं आणि पुन्हा घडी करून खिशात ठेवलं. विरारचा आपला सुमेध गावी येऊन सांगून गेला म्हणे, की चंद्रहासने कारखान्याचं मशीन पळवलं, भर रस्त्यातून ढकलत नेलं आणि वर त्याच्यामागे बँड लावला होता. मामा, सुमेध खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. त्याने जे पाहिलं ते सांगितलं. पण अर्ध्यावर येऊन तमाशा बघणाऱ्याला राजा कोण आणि सोंगाड्या कोण हे कुठून कळणार?

आता तुम्ही किती अडचणीत आलात हे मला कळतं. हरेश्वर गुरुजींनी भर देवळात सांगितलं होतं की हा मुलगा माझ्या वर्गात कधी एका बाकावर तास संपेपर्यंत बसला नाही, सातवीला तर दाखला न घेताच गेला, त्याला मी माझी क्षितिजा कशी देऊ? आणि तुम्ही म्हणालात, मी जामीन. या शिमग्यापर्यंत वर्षभर एका जागी टिकला तर द्यायची, नाही टिकला तर विषय बंद. माझ्या पायाला भिंगरी आहे हे गावात पोराटोरांना ठाऊक असताना तुम्ही तो शब्द दिलात, तो मी विसरलेलो नाही. शिमगा तोंडावर आलाय आणि नेमका सुमेध स्कूटरवरून पापडीत यायचा होता. तेव्हा सगळं पहिल्यापासून लिहितो. गुरुजींना वाचून दाखवायचं झालं तर कंस सोडून वाचा.

आमचे शेट वॉल्टर. त्यांचा कारखाना म्हणजे त्यांच्या घरासमोरचं अंगण, त्यावर पत्रे. आत एक ड्रिल, एक लोखंड कापायची करवत आणि एक लेथ, म्हणजे लोखंडाचा दांडा गरगर फिरवत तासायचं मशीन. आजूबाजूच्या वाड्यांमधल्या विहिरींचे पंप आणि किनाऱ्यावरच्या होड्यांची इंजिनं, त्यांचे दांडे नि बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या आखूड नळ्या, आम्ही करून देतो. लेथ जुनी, सव्वा टनाची, जमिनीत बोल्ट गाडून बसवलेली. शेट तिच्यावर हात फिरवतात तसा लोक गाईवर फिरवतात. तर झालं काय, शेटच्या मुलीचं, क्लेमेंटीनचं, लग्न ठरलं. आणि कॅथरिनआंटी, म्हणजे शेटच्या बायको, त्यांनी सांगितलं की मांडव घरच्या अंगणातच पडेल. हॉल नको. माझा मांडव माझ्या बापाच्या अंगणात पडला, माझ्या मुलीचा तिच्या बापाच्या अंगणात पडायला पाहिजे, लोक हॉलमध्ये जेवून जातात आणि घर कुणाचं ते बघतसुद्धा नाहीत. (ही माणसं आपसात त्यांच्या बोलीत बोलतात तेव्हा मला निम्मं कळत नाही. रागावून बोलतात तेव्हा सगळं कळतं.) शेट म्हणाले, अगं अंगणात लेथ आहे, ती हलत नाही. आंटी म्हणाल्या, "लेथ हलत नसेल तर तुम्ही हला. एक कुणीतरी हललं पाहिजे."

मग शेटनी माझ्याकडे बघितलं. ते का बघितलं मला कळलं नाही, पण मी म्हटलं, चाकं लावू. लेथखाली लोखंडी चॅनेलची चौकट, चौकटीखाली चाकं, लग्नापुरती बाहेर ढकलायची, लग्न झालं की आत. बोललो मात्र, सगळ्यांना ते इतकं आवडलं की आंटींनी मला चहाबरोबर केक दिला. मामा, माणसाने केक खाण्याआधी विचार करावा. चाक म्हणजे चाक, त्यात निवडायचं काय, असं मला वाटत होतं. वसईतच एका दुकानात लाल रबराची चार मोठी चाकं दिसली, फळांच्या हातगाडीला शोभावीत अशी गुबगुबीत. दुकानदार म्हणाला, मजबूत आहेत, हत्ती उभा करा. मी घेतली. जमिनीतले बोल्ट कापले, लेथ जॅकने उचलली, चौकट सरकवली, चाकं लावली. काय रुबाब दिसत होता! शेट लांब जाऊन बघत, जवळ येऊन बघत. मग त्या आठवड्यात पंपाची बरीच कामं आली आणि लेथ आम्ही तशीच चाकांवर उभी ठेवून चालवली.

इथे पहिली चूक. लेथ चालू केली की ती खरोखरच चालायची. कोब्याला पाणी जायला थोडा उतार आहे, तो इतकी वर्षं कुणाच्या लक्षात नव्हता, तो लेथच्या लक्षात आला. मी दांडा कापायला उभा राहायचो इथे आणि दांडा कापून व्हायचा तिथे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही दोघं, मी आणि लेथ, करवतीपाशी पोचलेलो असायचो. चाकांना ब्रेक नव्हते. मी विटा लावल्या, विटा चुरा झाल्या. दुसरी चूक आठवड्याने कळली. रबर वजनाखाली बसलं. चारही चाकं खालून भाकरीसारखी चपटी झाली आणि ढकलायला गेलो तर लेथ एक पाय आखूड असलेल्या माणसासारखी उठत-बसत निघाली. शेट म्हणाले, "चंद्रहास, हिला दवाखान्यात नेतोस की लग्नाला?"

म्हणून मला मुंबईला नागदेवीला, लोखंडी सामानाच्या बाजारात, पाठवलं. तिथल्या एका दुकानात पांढऱ्या टोपीचे म्हातारे शेट बसले होते. मी म्हटलं चाकं द्या, मजबूत. त्यांनी चाकं दाखवलीच नाहीत, मला स्टुलावर बसवलं आणि विचारायला लागले, जशी मुलगी बघायला आलो होतो. वजन किती? जमीन कसली, कोबा की माती? मध्ये उंबरठा आहे का? मशीन रोज फिरणार की वर्षातून एकदा? चाकावर उभं ठेवून काम करणार का? शेवटच्या प्रश्नाला मी खाली बघितलं. ते म्हणाले, "काम करताना मशीन पायावर पाहिजे, भाई. चाक फक्त चालायला." म्हणजे चौकटीला चार कोपऱ्यांत वर-खाली होणारे बोल्ट बसवायचे, काम करताना त्यांच्यावर लेथ उचलून ठेवायची, चाकं अधांतरी. रबर नको, लोखंडी चाकावर पिवळ्या टणक प्लास्टिकसारखा थर असतो तसं घ्यायचं, ते चपटंही होत नाही आणि कोबाही फोडत नाही. दोन चाकं सरळ, दोन वळणारी, वळणाऱ्यांना ब्रेक. सगळं मला पटलं. मग त्यांनी शेवटचं सांगितलं. जमीन कधी सपाट नसते. चार चाकं लावली तरी एखादं थोडं अधांतरी राहतंच. म्हणून हिशोब चारचा नाही करायचा, तीनचा करायचा.

मामा, हे तर मला एका झटक्यात समजलं. आपल्या शिमग्याच्या पालखीला खांदे चार, पण घाटी चढायला लागली की ओझं तिघांवर असतं आणि चौथ्याचा खांदा नुसता शोभेला. (नाव घेत नाही, तुमच्या कुंपणापलीकडे राहतो.) मी म्हटलं, शेट, अगदी बरोबर बोललात, चौथं उगाच कशाला. आणि मी तीन चाकं घेऊन आलो.

दुकानात गर्दी होती, त्यांनी मला तीन बांधून दिली, त्यांना वाटलं असेल एक याच्याकडे आहे. त्यांना म्हणायचं होतं की सगळं वजन तीनच चाकं पेलणार आहेत असं धरून प्रत्येक चाक तेवढ्या ताकदीचं घ्यायचं, आणि घ्यायची मात्र चार. हे मला वॉल्टरशेटनी सांगितलं. लगेच नाही सांगितलं. आधी त्यांनी पिशवी उलटी करून झटकली, मग माझ्या खिशांकडे बघितलं, मग विचारलं, "रिक्षा करायचीय का लेथची?" मी म्हटलं, तीन तिघाडा काम बिघाडा हे मला ठाऊक आहे, पण दुकानदारच बोलला. आंटी आतून म्हणाल्या, तीन आकड्याला कुणी नाव ठेवायचं नाही, आमच्यात तो पवित्र आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. त्यामुळे भांडण तिथेच मिटलं, पण चाकं तीनच राहिली. पुन्हा मुंबईला जायला वेळ नव्हता, मांडववाले बांबू घेऊन फाटकात उभे होते. मी जुन्यांतलं त्यातल्या त्यात गोल असं एक लाल चाक शोधलं, खाली पत्र्याचे तुकडे घालून उंचीला आणलं आणि पुढच्या डाव्या कोपऱ्याला लावलं. तीन पिवळी, एक लाल. ब्रेक एकालाच. ढकलली तर लेथ निघाली की हो! लोण्यासारखी निघाली. फक्त थोडी डावीकडे जायची. म्हणजे सरळ ढकला, डावीकडे जाणार. उजवीकडे ढकला, सरळ जाणार. उजवीकडे जायचंच असेल तर दुसरं मशीन घ्यावं लागणार.

लेथ बाहेर काढली. मागच्या वाडीत न्यायची होती, पण वाडीची माती ओली, चाक रुतेल म्हणून फाटकाबाहेर सिमेंटच्या गल्लीत भिंतीला लावून उभी केली आणि ब्रेकचा खटका पायाने दाबला. अंगणात मांडव पडला. मामा, काय मांडव झाला! पत्रे काढल्यावर ते अंगण इतकं मोठं निघालं की शेट स्वतःच त्यात हरवल्यासारखे हिंडत होते. फक्त फाटकाशी ती काळी, तेलकट लेथ आंटींना बघवेना. त्यांनी तिच्यावर पांढरी चादर टाकली, वर सॅटिनची झालर लावली आणि उरलेल्या झेंडूच्या माळा सोडल्या. (झेंडू मीच आणले होते, दसऱ्याला लेथला घालतो तेच. तिला बरं वाटलं असेल.)

लग्नाच्या दिवशी पाहुण्यांना वाटलं, पेयं ठेवायचं टेबल. लोक आले की हातातला पेला तिच्यावर ठेवायचे आणि बोलत उभे राहायचे. एक म्हातारे गृहस्थ तिला टेकून बराच वेळ जावयाची तक्रार सांगत होते. मग बँड आला. नवरीची गाडी फाटकातून निघायची, बँड तिच्यापुढे, असा बेत. मोठा ढोल वाजवणारा जाडगेला माणूस लेथपाशी उभा राहिला, ढोल तिच्यावर टेकवला आणि वाजवायला लागला. वाजवता वाजवता त्याने पायाने ताल धरला. ताल कशावर धरला असेल? ब्रेकच्या खटक्यावर. एकदा दाबला की लागतो, दुसऱ्यांदा दाबला की सुटतो.

मी भात वाढायचं पातेलं घेऊन चाललो होतो, तेव्हा चादर हललेली दिसली. वाटलं वारा. मग सगळी लेथच हललेली दिसली. पेले किणकिणायला लागले. गल्लीला मोठ्या रस्त्याकडे उतार आहे, फार नाही, माणसाला कळत नाही एवढा. लेथ निघाली. पळाली नाही हां मामा, हे गुरुजींना मुद्दाम सांगा. सावकाश, डुलत, झालर उडवत निघाली, जशी एखादी बाई सगळ्यांना नमस्कार करत मिरवणुकीत चालते. आणि बँडमास्तरला वाटलं, सजवलेलं काहीतरी पुढे निघालं म्हणजे मिरवणूक सुरू झाली. त्याने हात वर केला. सगळा बँड लेथच्या मागे वाजवत निघाला, बँडच्या मागे नवरीची गाडी, गाडीच्या मागे पाहुणे.

मी पातेलं टाकलं आणि पळत जाऊन लेथला पुढून हात लावला. सव्वा टन माणसाने थांबत नाही, हे मला हात लावल्यावर कळलं. बोटं तेव्हाच चादरीत गुंडाळून चाकाच्या चौकटीवर आपटली. ओरडावं तर लग्नात गोंधळ, सोडावं तर पुढे रस्ता. म्हणून मी तिच्या बाजूला झालो, हँडल धरलं आणि जसं काही हे असंच ठरलं होतं अशा तोंडाने तिच्याबरोबर चालायला लागलो. आणि नेमका तेव्हा सुमेध समोरून स्कूटरवर आला. त्याने मला बघितलं, लेथला बघितलं, बँडला बघितलं. मला म्हणाला, "काय रे, नोकरी सोडलीस की काय?" मी म्हटलं, नाही, कामावरच आहे. मामा, यापेक्षा खरं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पण त्या वेळी ते फारसं पटण्यासारखं दिसत नसणार.

शेवटी त्या लाल चाकानेच लाज राखली. रस्ता यायच्या आधी डाव्या हाताला नरहरीभाऊंची केळीची वाडी आहे, तिचं फाटक उघडं होतं. लेथ आपल्या सवयीप्रमाणे डावीकडे वळत वळत गेली आणि बरोबर फाटकातून आत शिरली, पाटाच्या ओल्या मातीत रुतली आणि थांबली. बँडही आत आला. नरहरीभाऊ केळीचा घड उतरवत होते. त्यांनी कोयता खाली ठेवला, सगळ्यांकडे बघितलं आणि घरात हाक मारली, "यशोदा, बाहेर ये. आपल्याकडे कुणाचं लग्न आहे?" गाडीत क्लेमेंटीन इतकी हसली की तिच्या डोक्यावरची जाळी सुटली. आंटी माझ्याकडे नुसत्या बघत होत्या, आणि त्यापेक्षा त्यांनी त्यांच्या बोलीत चार शब्द सुनावले असते तर मला परवडलं असतं. चर्चला सगळे थोडे उशिरा पोचले, पण लग्न लागलं, जेवणं झाली, आणि आता पापडीत कुणी त्या लग्नाबद्दल बोललं तर जेवणाबद्दल बोलत नाही.

लेथ पाहुणे पांगेपर्यंत केळीत राहिली. यशोदाकाकूंनी तिच्यावर पापड वाळत घातले होते. नंतर फळ्या टाकून, पहारी लावून, नरहरीभाऊंचा मितेश आणि त्याचा टेंपो जोडून आम्ही ती परत आणली. या खेपेला मी मुंबईहून पिवळं चौथं चाक आणलं. (दुकानदाराने मला बघून आधी स्टूल पुढे केलं आणि मग हसला.) चारही कोपऱ्यांत बोल्टचे पाय बसवले. आता काम करताना लेथ पायांवर ठाम उभी असते, पेल्यातलं पाणीसुद्धा हलत नाही, आणि हलवायची म्हटली की पाय वर घ्या, एका हाताने ढकला. शेटनी सगळ्या गल्लीला बोलावून ते दाखवलं. मला काढून टाकलं नाही, बोटांच्या पट्टीसाठी स्वतः डॉक्टरकडे नेलं. तेव्हा मशीन पळवलं ही गोष्ट खोटी आहे, बँड लावला ही अर्धी खरी आहे आणि नोकरी शाबूत आहे. गुरुजींना हे सांगावं. मामींना आणि लहानांना माझी आठवण सांगावी, मोठ्यांच्या पाया पडतो.

तुमचा भाचा,
चंद्रहास

ता. क. — नोकरी शाबूत आहे असं वर लिहिलं ते बरोबर आहे. ती अजून जागेवर आहे. मी मात्र तिच्यातून निघायचं म्हणतो. रागाने नाही. त्या दिवसानंतर वालीवच्या एका कारखान्यातून माणूस आला, त्यांना पत्रा दाबायची प्रेस हलवायची होती, मग दुसरा आला. चाकं कुठली, पाय कसे, उतार किती, हे आधी विचारून मशीन हलवणारा इकडे कुणी नाही म्हणतात. मितेशचा टेंपो आहे, माझी चाकं. या महिन्यात वालीव, मग बोईसर, मग वापीचंही बोलणं चाललंय. शेट म्हणाले, जा, तू बसणाऱ्यातला नाहीस, पण चार मशीनं तरी नीट बसवशील. म्हणजे एका जागी वर्ष काही पुरं होत नाही, मामा. तुमच्या शब्दाचं मला वाईट वाटतं, म्हणून हे पत्राच्या वरच्या भागात लिहायचं धैर्य झालं नाही.

दुसरं ता. क. — ज्याच्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसलो ते हे. गुरुजींना काही विचारू नका. क्षितिजाला विचारा. गणपतीत मी आलो होतो तेव्हा आरती संपल्यावर तिने मला हळूच विचारलं होतं, तुम्ही राहता त्याच्या पुढे काय आहे? मी म्हटलं, पुढे विरार, तिथे लोकल संपते. ती म्हणाली, "लोकल संपते, पण रूळ तर पुढे जातात ना?" माझ्या आयुष्यात मला सगळ्यांनी कुठे थांबणार एवढंच विचारलं, पुढे काय आहे हे तिने एकटीने विचारलं. तेव्हा तिला सरळ विचारा, एका जागी न राहणारा नवरा चालेल का. वडिलांसमोर नको, मामींना विचारायला सांगा, विहिरीवर. (विहिरीवर जाऊ नका असं वर लिहिलं आहे, ते एवढ्या कामापुरतं मागे घेतो. सावकाश उतरा म्हणावं.) मितेश टेंपो घेऊन घाई करतोय, वालीववाले रोज निरोप पाठवतात. त्यांना सांगितलंय, थांबा. उत्तर पापडीच्याच पत्त्यावर पाठवा. ते येईपर्यंत मी इथून हलत नाही, मग कितीही दिवस लागू देत.